ऑनलाइन शिकवताना माझा वेळ नेमका कुठे गेला

ऑनलाइन कोर्स घ्यायचा ठरला तेव्हा ज्याने त्याने मला कॅमेऱ्याबद्दलच विचारलं. कुठला घेणार, माइक कुठला, मागे हिरवा पडदा लावणार का, एडिटिंग कोण करणार. विद्यार्थी आठवडाभर काय करतील आणि त्यांनी केलेलं कोण बघणार हे फार थोड्यांनी विचारलं. विषय होता स्टॅटिस्टिक्स, अगदी बेसिक, आणि शिकणारे सगळे मोठे लोक, नोकरी करणारे, घर सांभाळणारे, रात्रपाळी करून आल्यावर मोबाईल उघडून बसणारे, शाळा सुटल्यापासून गणिताला हात न लावलेले. अशा माणसांना लांबून शिकवायचं म्हणजे काय करायचं हे मला माहीत करून घ्यायचं होतं, म्हणून शिकवायच्या आधी मी स्वतः विद्यार्थी झाले, प्रोग्रॅमिंगचे दोन ऑनलाइन कोर्स केले, मुद्दाम वेगवेगळ्या पद्धतीचे.

पहिला कोर्स दिसायला फार देखणा होता, व्हिडिओ चकाचक, अॅनिमेशन वगैरे सगळं. पण असाइनमेंट टाकली की स्क्रीनवर १० पैकी ७ असं यायचं आणि विषय संपला, ते तीन मार्क कुठे गेले हे विचारायला माणूसच नाही. शंका लिहायला जागा होती पण तिथे उत्तर द्यायचा तो माझ्यासारखाच अडकलेला दुसरा कुणीतरी. दुसरा कोर्स अगदी साधा, बहुतेक मजकूर लिहिलेलाच, व्हिडिओ थोडे, पण त्यात एक ट्यूटर सर होते. माझ्या पहिल्याच प्रोग्रॅमवर त्यांनी लिहिलं होतं, "तुमचं उत्तर बरोबर येतंय. आता यादी रिकामी दिली तर काय होतं ते चालवून बघा आणि मला कळवा." एवढंच. मी चालवून बघितलं, प्रोग्रॅम बंद पडला, का पडला ते शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली आणि त्या संध्याकाळी मी जेवढं शिकले तेवढं त्या चकाचक कोर्सच्या सगळ्या व्हिडिओंमधून मिळून शिकले नसेन. सरांना मी कधी पाहिलं नाही, आवाजही ऐकला नाही, तरी ते मला शिकवत होते यात शंका नाही.

मग मी या सगळ्याचा इतिहास वाचायला लागले आणि वाटलं हे आपल्याला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. १८४० साली इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी शॉर्टहँडचे धडे पोस्टाने पाठवायला सुरुवात केली, त्याच वर्षी तिथे स्वस्त टपाल सुरू झालं होतं म्हणून ते जमलं. पण लक्षात घ्या, ते नुसते धडे पाठवून थांबत नव्हते. शिकणाऱ्याने उतारा शॉर्टहँडमध्ये लिहून परत पाठवायचा आणि तो तपासून पुन्हा त्याच्याकडे जायचा. ही जी परतीची फेरी आहे ना, तीच माझ्या मते दूरशिक्षणाचा गाभा आहे. पुढे १८५८ पासून लंडन विद्यापीठाने बाहेरच्या विद्यार्थ्यांना पदवीची परीक्षा खुली केली, कुठेही राहून अभ्यास करा आणि परीक्षा द्या, फार मोठी गोष्ट होती ती, पण त्यात शिकवायची जबाबदारी विद्यापीठाने घेतली नव्हती. ती घेतली ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने. १९६९ ला स्थापना, १९७१ ला पहिले विद्यार्थी, प्रवेशाला आधीची पदवी किंवा मार्क लागत नाहीत. लोकांना त्यांचे बीबीसीवरचे कार्यक्रम आठवतात, पण शिकणं खरं चालायचं ते घरी येणाऱ्या छापील पुस्तकांवर आणि ट्यूटरने तपासून, शेरे लिहून परत पाठवलेल्या असाइनमेंटवर. म्हणजे टीव्ही दिसायचा आणि खरं काम टपाल करायचं.

मायकल मूर नावाच्या अभ्यासकाचं म्हणणंही मला फार उपयोगी पडलं. ते म्हणतात की या शिक्षणातलं अंतर किलोमीटरमधलं नसतंच, ते समजुतीतलं अंतर असतं, आणि ते किती वाढतं हे कोर्स किती घट्ट बांधलाय, शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती आहे, आणि शिकणारा स्वतःच्या बळावर किती पुढे जाऊ शकतो यावर ठरतं. मला हे एकदम पटलं कारण समोरासमोरच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून वर्षभर एक शब्द न बोललेला मुलगाही तितकाच लांब असतो. आणि माझे विद्यार्थी नवखे होते, म्हणजे नुसतं मोकळं सोडून चालणार नव्हतं. बांधणीही हवी आणि बोलणंही हवं.

२०२० मध्ये शाळा कॉलेजं बंद झाली तेव्हा जगभरात दीड अब्जाहून जास्त विद्यार्थ्यांचं शिक्षण अडलं आणि शिक्षकांनी हाताला लागेल त्या साधनाने शिकवलं, त्या शिक्षकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तेव्हा अनेकांचं ऑनलाइन शिक्षणाबद्दल जे मत बनलं ते त्या आणीबाणीवरून बनलं. तेव्हाच काही अभ्यासकांनी लिहिलं होतं की हे तातडीचं रिमोट टीचिंग आहे, नीट आखलेलं ऑनलाइन शिक्षण वेगळं असतं, त्याला आखायलाच कित्येक महिने लागतात. ते किती खरं आहे हे मला स्वतःचा कोर्स बांधताना कळलं.

बांधायला मी शेवटाकडून सुरुवात केली. कोर्स संपल्यावर या माणसाला काय करता आलं पाहिजे? मी लिहिलं, पेपरात एखादा सरासरीचा आकडा आला तर त्या आकड्याला दोन प्रश्न विचारता आले पाहिजेत, स्वतः गोळा केलेल्या पन्नास साठ आकड्यांचा आलेख काढता आला पाहिजे, आणि छोट्या नमुन्यावरून मोठं विधान केलेलं ओळखता आलं पाहिजे. मग त्यासाठी असाइनमेंट ठरवल्या, आणि सगळ्यात शेवटी मजकूर. या क्रमाने गेलं की कितीतरी गोष्टी आपोआप गळतात. सूत्रांची सिद्धता, आठवड्याभराचा इतिहास, मला अतिशय आवडणारी दोन उदाहरणं, सगळं गेलं, वाईट वाटलं पण गेलं.

मजकूर लिहिणं हे सगळ्यात कष्टाचं. वर्गात आपण चेहरे बघून वाक्य बदलतो, कागदावर ते करता येत नाही, म्हणून विद्यार्थी कुठे थबकेल हे आधीच ओळखून तिथे त्याच्याशी बोलावं लागतं. बर्जे होल्मबर्ग हे स्वीडिश अभ्यासक म्हणायचे की दूरशिक्षणातला मजकूर म्हणजे शिकणाऱ्याशी केलेल्या गप्पा असायला हव्यात. तर मी प्रत्येक पानावर मध्येच थांबून विचारत गेले, हे वाचून तुम्हाला वाटलं असेल की स्टँडर्ड डिव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, काढताना सरासरीपासूनच्या फरकांचा वर्ग कशाला करायचा, नुसती बेरीज का नको? करून बघा, बेरीज शून्य येईल, नेहमीच येईल, का ते दोन मिनिटं विचार करा आणि मग पुढचं पान उघडा. लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचायचे आणि जिथे जीभ अडखळेल ते वाक्य मोडायचे.

व्हिडिओबद्दल. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या कोर्सेसमधल्या जवळजवळ ६९ लाख व्हिडिओ बघण्याच्या नोंदींवर. त्यात दिसलं की सहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ असला की लोकांचं टिकणं घसरतं, आणि स्टुडिओत थाटामाटाने शूट केलेल्यापेक्षा साधं, समोर बसून बोलल्यासारखं रेकॉर्डिंग लोक जास्त बघतात. आता किती वेळ बघितलं म्हणजे किती शिकलं असं होत नाही, हे त्या अभ्यासकांनाही माहीत होतं आणि आपणही विसरू नये. पण मला त्यातून धीर आला. मी टेबलावर कागद ठेवून वरून मोबाईल लावला, पेनने आकडे मांडत बोलत गेले, एका व्हिडिओत एकच कल्पना, आणि प्रत्येकाखाली सबटायटल आणि पूर्ण लिखित मजकूर. सबटायटल मी ऐकू न येणाऱ्यांसाठी टाकली होती आणि ती बसमध्ये, झोपलेल्या बाळाशेजारी, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत बघणाऱ्या सगळ्यांनीच वापरली. मजकूर पीडीएफमध्ये न देता साध्या वेबपेजवर दिला कारण मोबाईलवर पीडीएफ वाचणं म्हणजे सतत डावीकडे उजवीकडे सरकवत बसणं. ज्यांचं नेट कमजोर त्यांना नुसता ऑडिओ उतरवून घेता येईल अशी सोय केली. ही कामं कंटाळवाणी आहेत पण त्यांच्यावाचून काही माणसं दारातूनच परत जातात.

प्रत्येक पाठानंतर छोटी क्विझ ठेवली, मार्क न धरणारी, कितीही वेळा द्या. यामागे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग होता. मुलांना एक उतारा दिला, काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे स्पष्ट पुढे. हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, कारण क्विझ म्हटलं की मोठ्या माणसांनाही पोटात गोळा येतो आणि ही परीक्षा नाही, हाच अभ्यास आहे, हे त्यांना कळायला हवं होतं.

कोर्स सुरू झाला आणि मग खरं काम सुरू झालं.

आठवड्यातून एकदा लाइव्ह सेशन असायचं. बहुतेकांचे कॅमेरे बंद, आणि मी ते चालू करा असं कधीच म्हटलं नाही, घरात कोण कुठल्या खोलीत कसं बसलंय ते आपल्याला काय माहीत. पण काळ्या चौकोनांशी बोलणं जड जातं हे खरं आहे. मी एक युक्ती शिकले, ती सगळ्यांना सांगते. प्रश्न विचारायचा आणि म्हणायचं, चॅटमध्ये उत्तर टाइप करा पण पाठवू नका. मिनिटभर शांत बसायचं, खरंच शांत, आपण बोलायचं नाही. मग म्हणायचं, आता सगळ्यांनी पाठवा. एकदम सगळी उत्तरं धडाधड येतात, कुणी कुणाचं बघून लिहिलेलं नसतं, आणि हुशार दोघातिघांच्या उत्तरावर वर्ग पुढे सरकत नाही. त्या उत्तरांमधूनच मी पुढचा अर्धा तास चालवायचे. सेशनमध्ये नवीन भाग कधी शिकवला नाही, कारण जो येऊ शकला नाही त्याचं काहीही बुडता कामा नये.

आणि असाइनमेंट. माझ्या वेळेचा सगळ्यात मोठा हिस्सा इथे गेला आणि तो इथेच जायला हवा असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक असाइनमेंट दोन दिवसांत परत, हे मी स्वतःला घातलेलं बंधन होतं, कारण आठवड्याने आलेला शेरा वाचेपर्यंत माणूस पुढच्या पाठात गेलेला असतो. आणि शेऱ्यात एकच गोष्ट सुधारायला सांगायची. दहा चुका दाखवल्या तर तो दहाही वाचत नाही, नुसता खचतो.

एक उदाहरण देते. एका विद्यार्थिनीने आपल्या ऑफिसमधल्या लोकांना घरून कामावर यायला किती वेळ लागतो ते विचारून सरासरी काढली होती आणि खाली लिहिलं होतं की साधारण माणसाला पन्नास मिनिटं लागतात. आकडे बघितले तर बहुतेक सगळे अर्ध्या तासाच्या आतबाहेर, आणि दोघं तिघं फार लांबून येणारे, त्यांनी सरासरी वर ओढलेली. इथे मीडियन काढा असं एका ओळीत सांगून मोकळं होता आलं असतं. मी लिहिलं, "तुमची बेरीज आणि भागाकार अचूक आहे. आता तुमच्या यादीत पन्नास मिनिटांच्या आसपास वेळ लागणारी किती माणसं आहेत ते मोजा आणि मला सांगा." दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज, "मॅडम, एकही नाही! मग मी साधारण माणूस कुणाला म्हटलं?" मग आमचं त्यावर चार पाच मेसेज बोलणं झालं, ती स्वतःच म्हणाली की सगळ्यांना वेळेच्या क्रमाने उभं करून मधल्या माणसाला विचारावं का. मीडियन तिने स्वतः शोधून काढला. मी फक्त म्हटलं, याला नाव आहे, पाठ चार उघडा. असं काही घडलं की मला रात्री झोप यायची नाही इतका आनंद व्हायचा.

कधी लिहिण्याऐवजी दीड दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवायचे. लिहिलेला शेरा कधी कधी कोरडा वाटतो, "हे पुन्हा करा" हे अक्षरात रागावल्यासारखं दिसतं, आवाजात तसं वाटत नाही. आकड्यांची दुरुस्ती मात्र लिहूनच द्यावी, आवाजात ती शोधत बसावी लागते.

तिसऱ्या चौथ्या आठवड्यात माणसं गळायला लागतात. हे प्रत्येक ऑनलाइन कोर्समध्ये होतं. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स जगाला खुला केला तेव्हा सुमारे १,६०,००० लोकांनी नाव नोंदवलं आणि पूर्ण केला तो वीस हजारांहून थोड्या जास्त लोकांनी. तो आकडाही लहान नाही आणि नुसतं डोकावून जाणाऱ्यांनाही काही मिळत असेलच, त्यांच्याकडे प्रवेशद्वार मोफत आणि उघडं होतं. पण माझ्याकडे आलेली माणसं शिकायची म्हणून नाव घालून आली होती. म्हणून मी मूडलवरची, म्हणजे कोर्स ज्या सॉफ्टवेअरवर चालायचा त्यावरची, नोंद रोज बघायचे, कोण कधी शेवटचं आलं. आठवडा कोणी दिसलं नाही की त्याला मेसेज, पण "तुमच्या दोन असाइनमेंट बाकी आहेत" असा नाही. तो मेसेज माणसाला अजून लांब ढकलतो. मी लिहायचे, "तुम्ही पाठ तीनच्या क्विझपर्यंत आला होतात, त्यातला दुसरा प्रश्न बऱ्याच जणांना अवघड गेला. तिथून पुढे जायला काय मदत करू?" उत्तरं काय यायची, आई आजारी आहे, शिफ्ट बदलली, लॅपटॉप मुलाला लागतो, आणि सगळ्यात जास्त वेळा, मी इतका मागे पडलोय की आता यायला लाज वाटते. या लाजेबद्दल आपण शिकवणारे पुरेसं बोलत नाही. वर्गात मागे पडलेला मुलगा निदान बसलेला दिसतो, इथे तो न दिसताच जातो. म्हणून मी मागे पडलेल्यांसाठी एक छोटा रस्ता बनवला, एवढे दोन पाठ आणि एक असाइनमेंट करा आणि चालू आठवड्यात या, बाकीचं शेवटी बघू. सगळे परत आले नाहीत, काहींचा खरंच इलाज नव्हता, पण बरेच आले.

२००० साली गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या अभ्यासकांनी मांडलं होतं की ऑनलाइन शिकणं घडायला तीन प्रकारची हजेरी लागते, शिकवणाऱ्याची, एकमेकांची, आणि विचाराची. एकमेकांची हजेरी आणणं मला सगळ्यात अवघड गेलं. स्वतःची ओळख करून द्या म्हटलं की सगळे तीच तीन वाक्यं लिहितात. त्याऐवजी मी म्हटलं, तुम्ही या आठवड्यात पाहिलेला एक संशयास्पद आकडा टाका, आणि दुसऱ्याच्या आकड्याला एक प्रश्न विचारा. जाहिरातीतले, बातम्यांतले, कंपनीच्या मीटिंगमधले असे एक से एक आकडे आले आणि लोक एकमेकांशी बोलायला लागले, कारण बोलायला काहीतरी होतं. मी तिथे मुद्दाम उशिरा जायचे. मॅडमनी उत्तर दिलं की चर्चा थांबते.

एआयने लिहिलेल्या असाइनमेंटचा प्रश्न आलाच. कॅमेऱ्याने नजर ठेवणारी सॉफ्टवेअर्स लावा असं मला सुचवलं गेलं, मी नाही म्हटलं आणि अजूनही नाहीच म्हणेन, शिकायला आलेल्या मोठ्या माणसाच्या घरात कॅमेरा लावून त्याच्या डोळ्यांची हालचाल तपासायची हे मला मान्य नाही. त्याऐवजी आकडे स्वतः गोळा करायचे, कुठून कसे घेतले ते लिहायचं, आणि शेवटी माझ्याशी दहा मिनिटं फोनवर त्यावर बोलायचं. स्वतःच्या आकड्यांवर माणूस फोनवर ज्या तळमळीने बोलतो ते ऐकलं की कुणी काय केलंय ते कळतंच, आणि बहुतेक वेळा त्या दहा मिनिटांत अजून काहीतरी शिकून होतं.

आता दुसऱ्या बॅचची तयारी चालू आहे आणि संस्थेचं म्हणणं आहे की पाठ तयार आहेत, व्हिडिओ तयार आहेत, तर विद्यार्थी चौपट घ्या. मजकूर चौपट लोकांना पुरतो हे खरंच आहे. पण शेरे लिहायला लागणारा वेळ माणसागणिक वाढतो, तिथे काटकसर केली की मी केला होता तो पहिला देखणा कोर्स तयार होतो. मी सांगितलं, प्रत्येक छोट्या गटाला एक ट्यूटर द्या, मग हवे तेवढे घ्या. बरीच चर्चा झाली, शेवटी पूर्ण चौपट नाही पण दुप्पट विद्यार्थी आणि दोन ट्यूटर असं ठरलं. दोघंही माझ्याच मागच्या बॅचचे, त्यातली एक ती ऑफिसच्या वेळांची सरासरी काढणारी. सध्या मी त्यांना जुन्या असाइनमेंट, नावं काढून, शेरे लिहायला देते आणि मग आम्ही तिघं बसून ते शेरे वाचतो. ती लिहिते छान, पण उत्तर सांगून टाकायची घाई करते, त्यावर आमचं काम चालू आहे. काल तिने एका शेऱ्यातली शेवटची ओळ स्वतःहून खोडली आणि तिथे प्रश्न लिहिला.